स्वतंत्र माईक

३ मार्च १९७३

ही डायरी विम्याच्या एजंटाने जानेवारीत दिली, तेव्हापासून तिच्यात धोब्याकडचे कपडे लिहिले जात होते. ती पानं आज मी फाडली. आजपासून या घरात इतिहास घडायला लागला आहे आणि तो लिहून ठेवायला माझ्याशिवाय कोणी रिकामं नाही.

बातमी अशी की कलकत्त्याची एक रेकॉर्ड कंपनी कुसुमची लाँग-प्ले रेकॉर्ड काढणार आहे. कंपनीचे सेनबाबू एप्रिलअखेर मशीन घेऊन मुंबईहून कलकत्त्याला परतताना नागपूरला उतरतील आणि धंतोलीत एका डॉक्टरांच्या बंगल्यात ध्वनिमुद्रण करतील. बंगल्याच्या भिंती जाड आहेत म्हणे. नागपूरचा एप्रिल कसा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही. आम्हीही सांगितलं नाही. मागे एक कंपनी अशीच दारापर्यंत आली आणि ‘व्हायोला कोण विकत घेणार’ म्हणून परत गेली. तेव्हा कुसुम आठवडाभर वाद्याला शिवली नव्हती. आता ती अठ्ठेचाळीसची आहे. ही संधी गेली तर तिसरी कंपनी काही यायची नाही.

पुढेमागे कोणी हे वाचलं तर त्याच्यासाठी खुलासा करतो. कुसुम म्हणजे कुसुमावती पराते, व्हायोलावादक, माझी बायको. व्हायोला हे व्हायोलिनच्या घरातलं थोरलं वाद्य. अंगाने मोठं, आवाजाने भरदार, बाईने खालच्या पट्टीत गावं तसं. लोक त्यालाही व्हायोलिनच म्हणतात. पूर्वी मी भांडायचो, आता पोस्टर लागलं की शाई घेऊन जातो आणि दुरुस्त करून येतो.

मी मारोतराव पराते. इतवारीत साड्यांच्या ठोक दुकानात नोकरी, आणि गेली बावीस वर्षं कुसुमच्या मागे तानपुऱ्यावर. लग्नानंतर बाईमाणूस एकटी गावोगाव कशी जाणार म्हणून मी सोबत जायचो. नुसता बसलो की लोक विचारायचे, हे कोण? मग रायपूरला तिने माझ्या हातात तानपुरा दिला, तो अजून आहे. बाकीचे तानपुरेवाले अर्धवट झोपेत तारा छेडतात. मी तसं करत नाही. कुसुमची लय वाढली की माझी बोटंही उचलतात, ती द्रुतात शिरली की मीही तिच्यासोबत शिरतो. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

९ मार्च

कुसुम आनंदात असायला हवी, पण गप्प आहे. सकाळी शिकवणीत एका गृहस्थाने मुलाला आणलं होतं. मुलाला व्हायोलिन शिकवा, सिनेमातलं एखादं गाणं बसवून द्या, म्हणाले. कुसुमने मुलाच्या हातात व्हायोला दिला आणि एकच सूर न तोडता गजाने ओढायला सांगितला. गृहस्थ दोनदा चहा प्यायले तरी सूर एकच. तिसऱ्या कपाला थांबले नाहीत.

जेवताना ती म्हणाली की एप्रिलात ऊन फार, बंद खोली, पंखा चालणार नाही, तुमचं वय झालं, तुम्ही कशाला त्रास घेता. मी म्हटलं, वय तुझंही झालं. तिने पानात आणखी भाजी वाढली.

२० मार्च

ध्वनिमुद्रणासाठी बंद गळ्याचा कोट शिवायला टाकला. कुसुम म्हणाली रेकॉर्डवर कोट दिसत नाही. मी म्हटलं सेनबाबूंना दिसेल. मग तिने नवीनच कल्पना काढली, की मी आत सेनबाबूंच्या मशीनजवळ बसून त्यांच्यावर लक्ष ठेवावं, हे लोक काय करतील भरवसा नाही. तिचा माझ्यावर केवढा विश्वास आहे हे पाहून बरं वाटलं. पण मागे तानपुऱ्यावर मी नसेन तर ती वाजवेल कशी? मी स्वच्छ नकार दिला.

पुष्पलता, म्हणजे कुसुमची थोरली शिष्या, तिथेच बसली होती. ती उमरेडकडच्या शेतकऱ्याची पोर, दहा वर्षं शिकते आहे, आणि कार्यक्रमात दुसरा तानपुरा तिचा असतो. तिने एकदम डोकं खाली घातलं आणि गजाला राळ लावायला लागली. राळ आधीच लावलेली होती.

२ एप्रिल

काल उमरेडला देवळात कार्यक्रम झाला. रेकॉर्डच्या आधी तेवढाच सराव.

इथे रुपरावबद्दल लिहिलं पाहिजे. रुपराव लाउडस्पीकरवाला आमच्या सगळ्या कार्यक्रमांना असतो. भला माणूस. दुसऱ्या कुठल्याही तानपुरेवाल्याला स्वतंत्र माईक मिळत नाही, मला तो न चुकता देतो. चांगला चकचकीत, माझ्या तानपुऱ्यासमोर, अगदी हाताने पुसून. कार्यक्रमाआधी कुसुम त्याच्याशी बाजूला जाऊन दोन शब्द बोलते, तो मान डोलावतो, आणि माझा माईक येतो. मी कधी मागितला नाही.

पण माणूस म्हटला की चुकतो. काल सतरंजी सरकवताना पाहिलं तर माझ्या माईकची वायर लाउडस्पीकरच्या पेटीला लावलेलीच नव्हती, टोक नुसतं सतरंजीखाली पडलेलं. कुसुमचे डोळे मिटलेले होते. मी हळूच सरकलो आणि वायर खुपसून दिली. घरच्या कार्यक्रमात एवढं आपण करायला हवं.

काय आवाज लागला म्हणून सांगू. बावीस वर्षांत मला माझा तानपुरा असा ऐकू आला नव्हता. लोकांमध्येही चुळबूळ झाली. बाबूलाल तबलजीने वळून पाहिलं, मी मान हलवून दाद दिली. रुपराव मागून वाकून-वाकून येताना दिसला, पण तोवर मला चेव आला होता. कुसुमने द्रुत लवकरच आटोपली. उकाडा होता.

नंतर रुपराव हात जोडून म्हणाला, “मारोतरावभाऊ, वायरले हात काहून लावला गा तुमी? शॉक बसला असता न.” मी त्याला माफ करून टाकलं. बाबूलाल गमछ्याने मान पुसत म्हणाला की आज तुम्ही मला घाम फोडला. इतका जुना तबलजी असं म्हणतो तेव्हा मनाला समाधान होतं.

परतीच्या बसमध्ये कुसुमने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि थोडी हसली. काय झालं विचारलं तर म्हणाली काही नाही.

८ एप्रिल

आकाशवाणीवर कुसुमचा कार्यक्रम लागला. तिथे मला घेत नाहीत, त्यांचा पगारी माणूस असतो. शेजाऱ्यांनी रेडिओ ऐकून खूप वाखाणलं. मला मात्र ते वादन नेहमीच सपाट वाटतं. तानपुरा सुरुवातीला जिथे असतो तिथेच शेवटी.

१५ एप्रिल

रेकॉर्डच्या पाकिटावर छापायला कुसुमचा परिचय हवा आहे. मी चार पानं लिहिली, कंपनीला चार ओळी पाहिजेत. उरलेलं इथे ठेवतो.

कुसुमच्या वडलांचा हातमाग गोळीबार चौकाजवळच्या गल्लीत होता. दहाव्या वर्षापासून ती धोटा फेकत असे. त्याच गल्लीत नाटक कंपनीतून परतलेले एक वादक राहायचे. त्यांच्याकडे एक व्हायोला होता आणि तो कोणाच्याच हाताला बसत नव्हता, मोठा म्हणून. त्यांनी या पोरीचा हात मागावर चालताना पाहिला. दिवसभर चालला तरी जड होत नव्हता. त्यांनी तिला बोलावून गज दिला. वडील म्हणाले, पोरगी गेली आमची कामातून. पण पुढे जबलपूर, ग्वाल्हेर, कलकत्ता सगळीकडे वडील उसन्या आणलेल्या फेट्यात पहिल्या रांगेत बसायचे.

मांडी घालून बसते, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवते, आणि पहिला सूर खालच्या तारेवर लावते तेव्हा मला अजून दरवेळी छातीत काहीतरी होतं. बावीस वर्षांत त्याची सवय झाली नाही. हे पाकिटावर छापता येणार नाही.

शिक्षिका म्हणून ती कडक आहे. सूर हलला तर एकवेळ चालवून घेईल, लय पळाली की संपलं. सकाळीच एका मुलीला म्हणाली, “काहून पळून राहिली वं? मांगं वाघ लागला का?” मुलगी रडकुंडीला आली. मला दया आली, मी तिला गुळाचा खडा दिला आणि सांगितलं की होतं असं, मन लागलं की होतं.

२२ एप्रिल

उन्हाने कहर केला आहे. सुक्या हवेत खुंट्या सैल होतात, वाद्याचा सांधा उघडेल अशी धास्ती वाटते. आपण लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवतो, तर वाद्याने काय पाप केलं? मी मोठा पांढरा कांदा अर्धा कापून पेटीत ठेवला. संध्याकाळी कुसुमने पेटी उघडली, आणि शिकवणीच्या सगळ्या पोरींनी पदर नाकाला लावले. कांदा काढताना ती म्हणाली की तुमचं सगळं मायेपोटी असतं, म्हणून काही म्हणता येत नाही. ही तारीफ आहे असं मी धरून चाललो आहे.

२६ एप्रिल

सेनबाबू आले. बारीक, चष्मा, धोतर घामाने चिकटलेलं. मशीन एवढं मोठं की रुपरावच्या दोन पोरांनी उचललं. एकच माईक आणला आहे, तो छताला टांगला. व्हायोला, तबला, दोन्ही तानपुरे, सगळं त्या एकातच शिरणार. रुपराव म्हणाला एक माझ्याकडचा लावू का तानपुऱ्याला, तर सेनबाबू नको म्हणाले. रुपरावचा चेहरा पडला. कुसुमने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. धंद्यात असं व्हायचंच.

आज संध्याकाळी नुसती चाचणी होती, पूरिया रागाची. उद्या सकाळी तोडी, संध्याकाळी पूरिया, आणि रात्रीच्या गाडीने सेनबाबू जाणार. दारंखिडक्या बंद, पंखा बंद. मी नवा कोट घालून बसलो.

विलंबित छान झालं. द्रुतात मी रंगात आलो आणि सेनबाबूंनी हात वर केला. म्हणाले, “दादा, तानपुरा भाग रहा है. तानपुरा तबले के साथ नहीं चलता दादा, वो अपनी जगह पर चलता है.” कुसुम तत्काळ म्हणाली की चूक तिची, तिनेच लय वाढवली. पुन्हा वाजवलं, पुन्हा त्यांनी हात वर केला. या वेळी कुसुम म्हणाली खुंटी सरकली. तिसऱ्या वेळी काय कारण सांगितलं ते मी ऐकलं नाही. कुसुम इतक्या चुका करेल असं वाटलं नव्हतं. मी तिला धीर दिला.

सगळे पाणी प्यायला बाहेर गेले. मी आतच थांबलो, कारण कोटाची बटणं काढायची होती. सेनबाबूंच्या मदतनिसाने टेप मागे नेली आणि लावली.

आता लिहायलाच बसलो आहे तर लिहून टाकतो. मला आधी वाटलं हा तिसराच कोणी वाजवतो आहे. पुष्पलताचा तानपुरा जिथल्या तिथे, शांत. आणि दुसरा बस सुटल्यावर मागून धावणाऱ्या माणसासारखा, धापा टाकत, हाका मारत. कुसुमचा सूर खाली उतरतो आहे, मोकळी जागा सोडतो आहे, आणि त्या जागेत हा धावतो आहे. मी पूर्ण ऐकलं. मला कोणी सांगायची गरज राहिली नाही.

बाहेर व्हरांड्यात कुसुमचं आणि सेनबाबूंचं बोलणं चाललं होतं. ते म्हणत होते दुसरा माणूस बसवा, दहा मिनिटांचं काम आहे. कुसुमचं हिंदी आमच्या इतवारीचं. ती म्हणाली, “वो पीछे बैठते तो मेरे को घर में बजाए जैसा लगता. उनको नहीं बिठाना तो आप अपनी मशीन बांधो.”

सेनबाबू म्हणाले, बांधतो. शेवटी ठरलं की सकाळी एकदा प्रयत्न करायचा, नाही जमलं तर ते दुपारच्याच गाडीने जातील.

मी कोटाची बटणं पुन्हा लावली आणि बाहेर आलो. घरी येताना रिक्षात ती म्हणाली उद्या नक्की जमेल. मी म्हटलं हो.

२७ एप्रिल

सकाळी उठल्याबरोबर उजव्या हाताच्या बोटाला पट्टी बांधली आणि जाहीर केलं की काल फोड आला, रात्रीतून फुटला, आता तार छेडणं शक्य नाही. पुष्पलता दुसऱ्या एखाद्या मुलीला बसवेल. मी नाटकात कधी काम केलं नाही, पण आवाज बरा लागला.

कुसुम माझ्या बोटाकडे पाहत राहिली. मला भीती वाटली, आता पट्टी सोडून पाहते की काय. तिने सोडली नाही. सैल आहे म्हणाली आणि वरून आणखी एक गाठ मारून दिली. तिचे डोळे भरून आले. फोडाला एवढं काय रडायचं?

बंगल्यावर सेनबाबूंनी माझ्याशी फार आदराने हस्तांदोलन केलं, डाव्या हाताने. मी म्हटलं मी बाहेर उभा राहतो, कोणी तरी आवाज थांबवायला हवंच. खरंच हवं होतं. धंतोलीत सगळीकडे दवाखाने. कळमेश्वरकडून पेशंट घेऊन आलेला टेम्पो हॉर्न देत वळला, त्याला मी कोपऱ्यावरच हात जोडले. आत ऑपरेशन चाललं आहे म्हणून सांगितलं. ड्रायव्हरने इंजिन बंद करून टेम्पो ढकलत नेला. भाजीवाली, बर्फवाला, दोन सायकलरिक्षा, सगळ्यांना तेच ऑपरेशन पुरलं. एक बाई विचारायला लागली पेशंट कसा आहे. मी म्हटलं, आता आशा आहे.

कडुलिंबावर एक कोकीळ होता. तो मात्र ऑपरेशनला मानेना. सुरुवात चांगली संथ, ठाय लयीत करायचा, मग त्याला स्वतःचाच चेव यायचा, प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा घाईची आणि वरची. मी खडा उचलला होता, पण तो मारवला नाही. कोट काढून हलवला तेव्हा शेजारच्या बंगल्यात गेला.

दार उघडलं. तोडी झाली होती. बाबूलालने दोन्ही हात वर केले, सेनबाबू हसत होते. कुसुम थेट माझ्याकडे आली आणि विचारलं की बाहेर ऐकू आलं का. मी म्हटलं नाही, दार जाड आहे. बावीस वर्षांत तिचं एवढं मोठं वादन झालं आणि मी ऐकलं नाही. मी असं म्हणताच तिने पदराने माझ्या कपाळाचा घाम पुसला, सगळ्यांदेखत. संध्याकाळी पूरियाही झाला. तोही मी ऐकला नाही, तेव्हा रस्त्यावर वरात होती.

२८ एप्रिल

दिवसभर झोपलो. संध्याकाळी हिंमत करून कुसुमला विचारलं, मी इतकी वर्षं पळत होतो तर कोणी कसं बोललं नाही. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “आतापावेतो हॉल मोठे होते.”

बरोबर आहे. मोठ्या हॉलमध्ये आवाज पसरतो, असलं बारीक काही कळत नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं. रुपरावला भेटून सांगायला हवं की माईक देण्याचा त्रास यापुढे घेऊ नकोस. बिचारा, एवढ्या निगुतीने लावायचा.

३० एप्रिल

आज शिकवणीला सुट्टी होती. दुपारी वाळ्याचे पडदे भिजवले, खोलीत जरा गारवा झाला. कुसुमने व्हायोला काढला, आणि माझा तानपुरा खोळीतून काढून माझ्यापुढे आणून ठेवला. मी पट्टीचं बोट दाखवलं. ती म्हणाली, “बरं झालं असन आता.” पट्टी सोडून पाहिली, झालं होतं.

मी तिला सरळ सांगितलं की मला आता धाक बसला आहे, मी पळतो, माझ्या हातून ते थांबणार नाही.

“पळा न,” ती म्हणाली. “कोणी बांधून ठेवलं तुमाले? मी येईन मांगून.”

मी तारा छेडल्या. तिने पूरियाच धरला, तो त्या दिवशीचा न ऐकलेला. आधी मी फार सांभाळून चाललो. मग तिचा तो खालचा सूर आला आणि माझी बोटं उचललीच. मी घाबरून तिच्याकडे पाहिलं. ती डोळे उघडे ठेवून माझ्या हाताकडे बघत होती आणि माझ्याबरोबर येत होती. मी वाढवली, तिने वाढवली. शिष्यांना एका मात्रेसाठी रडवणारी बाई, तिचा गज नुसता उडत होता, पावलावरून वाद्य घसरलं ते तिने गुडघ्याने सावरलं, आणि ती हसत होती. दारात पुष्पलता उभी होती, विसरलेली छत्री न्यायला आलेली, तोंडावर हात ठेवून.

माझं मनगट भरून आलं. तानपुरेवाल्याने कलाकाराच्या आधी थांबायचं नसतं, तेवढं मला नक्की माहीत आहे. आणि कुसुम थांबायला तयार नव्हती.